काइंड-हार्टेड ते हाफ-हार्टेड: इंग्रजीतली ‘काळजाची’ विशेषणं नेमकी कशी वापरायची

‘दिलदार’ला इंग्रजीत काय म्हणतात, हे शब्दकोशात सापडतं. पण तोच शब्द वाक्यात बसवताना कुणी ‘काइंड-हार्ट पर्सन’ लिहून जातं, कुणी ‘फुल-हार्टेड सपोर्ट’ देऊन बसतं, तर कुणी मोठ्या मनाच्या माणसाला ‘ब्रॉड-माइंडेड’ करून मोकळं होतं. हे शब्द मोजून पंचवीस-तीसच असतील. त्यातले रोज लागणारे तर डझनभरच. ते पाठ करत बसण्यापेक्षा त्यांचा साचा आधी समजून घ्या. तो मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या ओळखीचाच आहे.

पहिली पायरी: साचा ओळखा

‘लांब आहे उदर ज्याचे असा तो लंबोदर.’ बहुव्रीही समासाचा हा विग्रह आपण घोकलेला असतो. समासातली दोन्ही पदं गौण, आणि शब्द बोट दाखवतो तिसऱ्याकडेच. पोट लांब आहे, पण लंबोदर म्हणजे पोट नव्हे, ते पोट ज्याचं आहे तो. इंग्रजीत ढेरपोट्याला पॉट-बेलीड म्हणतात. साचा तोच. काइंड-हार्टेड म्हणजे ‘काइंड आहे हार्ट ज्याचे असा तो’. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांतही अशा समासांना बहुव्रीही हेच संस्कृत नाव दिलेलं आढळतं.

फरक एवढाच, की आपल्याकडे ‘ज्याचे असा तो’ हा भाग विग्रहात येतो आणि समासात लुप्त होतो. इंग्रजीत त्याची खूण शब्दाच्या शेपटीला राहते: ई-डी. म्हणून ही शेपटी गाळता येत नाही. ‘ही इज अ काइंड-हार्ट मॅन’ हे वाक्य चुकीचंच. एक तर ‘ही हॅज अ काइंड हार्ट’ म्हणा, नाही तर ‘ही इज अ काइंड-हार्टेड मॅन’. मधला रस्ता नाही.

ई-डी दिसलं की भूतकाळ, ही शाळेतली सवय इथे नडते. वॉर्म-हार्टेडमध्ये कुणी काही केलेलं नाही. दाढीवाल्याला बिअर्डेड, निळ्या डोळ्यांच्याला ब्लू-आइड, डावखुऱ्याला लेफ्ट-हॅण्डेड म्हणतात, त्यातलंच हे ‘-वाला’, ‘-धारी’ अर्थाचं ई-डी. त्यामुळे माणसं अनेक असली तरी शब्द बदलत नाही. काइंड-हार्टेड पीपल बरोबर. ‘काइंड-हार्ट्स पीपल’ नाही आणि ‘काइंड-हार्टेड्स’ही नाही.

शेपटीशिवाय कधीकधी नाम तयार होतं. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड (कारकीर्द 1189 ते 1199) ‘लायनहार्ट’ या बिरुदानं ओळखला जातो. ते त्याचं बिरुद, म्हणजे नाम. कुणाचं वर्णन करायचं असेल तर लायन-हार्टेड. स्वीटहार्टही तसंच नाम आहे, म्हणून ‘शी इज व्हेरी स्वीटहार्ट’ होत नाही.

उच्चार आधी दुरुस्त करा

लिहिताना आपण ‘हार्टेड’ लिहितो, बोलताना ते ‘हार्टिड’च्या जवळ जातं. शेवटी ट असल्यामुळे ई-डी स्वतंत्र अक्षर म्हणून उच्चारलं जातं. टू-फेस्डमध्ये तसं होत नाही, तिथे ते जेमतेम ‘फेस्ट’ ऐकू येतं. म्हणून एकाचा उच्चार दुसऱ्याला लावू नका.

खरी पंचाईत स्वराची. हार्ट म्हणजे काळीज, हर्ट म्हणजे दुखावणं. घाईत बोलताना ‘काइंड-हर्टेड’ निघालं की समोरचा क्षणभर गोंधळतो. स्पेलिंगमधले ई आणि ए पाहून ‘हीटेड’ म्हणणारेही आहेत. ‘हीटेड’ म्हणजे तापलेला, आणि तो सहसा वादविवाद असतो.

आघाताचंही थोडं पाहा. ‘शी इज काइंड-हार्टेड’ म्हणताना जोर ‘हार्ट’वर पडतो. ‘अ काइंड-हार्टेड वूमन’ म्हणताना तो मागे सरकून ‘काइंड’वर येतो. चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं की जिभेला आपोआप वळण पडतं.

स्वभाव, अवस्था की काम? हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि शब्दकोश इथे फारशी मदत करत नाही. दिसायला सगळे हार्टेड सारखे, पण ते तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात.

काही शब्द स्वभाव सांगतात: काइंड-हार्टेड, वॉर्म-हार्टेड, सॉफ्ट-हार्टेड, टेंडर-हार्टेड, बिग-हार्टेड, कोल्ड-हार्टेड, हार्ड-हार्टेड. हे माणसाला कायमचे चिकटतात.

काही अवस्था सांगतात: ब्रोकन-हार्टेड, हेवी-हार्टेड, डाउनहार्टेड. आज आहे, महिन्याभरानं नसेल. ‘तो हेवी-हार्टेड स्वभावाचा आहे’ या अर्थानं हा शब्द वापरला तर हास्यास्पद होतं. मुळात हेवी-हार्टेड बोलण्यात कमीच येतो. ‘जड अंतःकरणाने’ला इंग्रजीत ‘विथ अ हेवी हार्ट’ असा तयार जोड आहे, तोच वापरावा. मराठी आणि इंग्रजी इतकी तंतोतंत जुळण्याचे प्रसंग थोडे, मिळाला तर सोडू नये.

तिसरा गट कामाचा, वागण्याचा किंवा सुराचा: हाफ-हार्टेड, होल-हार्टेड, लाइट-हार्टेड. हाफ-हार्टेड माणूस नसतो, प्रयत्न असतो. हाफ-हार्टेड अटेम्प्ट, हाफ-हार्टेड अपॉलजी: केला म्हणायला केला, मन त्यात नव्हतं. माणसाबद्दल बोलायचंच असेल तर तो कशाबद्दल हाफ-हार्टेड आहे ते सोबत यावं लागतं, ‘ही वॉज हाफ-हार्टेड अबाउट द प्लॅन’ असं. नुसतं ‘माय ब्रदर इज हाफ-हार्टेड’ म्हटलं, तर ऐकणारा विचारेल, कशाबद्दल?

होल-हार्टेडची जोडी ठरलेली आहे: होल-हार्टेड सपोर्ट, होल-हार्टेड अप्रूव्हल. क्रियाविशेषण तर त्याहून जास्त चालतं: ‘आय होल-हार्टेडली अग्री.’ मराठीतलं ‘पूर्ण मनाने’ डोक्यात ठेवून ‘फुल-हार्टेडली’ लिहिणारे पुष्कळ भेटतात. व्याकरण तसं मोडत नाही, पण कानाला खटकतं. पूर्णासाठी इथे इंग्रजीनं होल निवडला आहे, फुल नाही.

लाइट-हार्टेडचा सांधा तर नीट समजून घ्यायलाच हवा. लाइट-हार्टेड कॉमेडी म्हणजे हलकीफुलकी. लाइट-हार्टेड रिमार्क म्हणजे सहज, गमतीत केलेली टिप्पणी, जी मनावर घ्यायची नसते. हे आपल्या ‘हलकाफुलका’शी बरोबर जुळतं. पण मराठीतला ‘हलक्या वृत्तीचा’ माणूस हा क्षुद्र असतो, त्याला लाइट-हार्टेड म्हटलं तर शिवीची स्तुती होऊन बसते. आणि ‘रडून झाल्यावर मन हलकं झालं’ हा तिसराच अर्थ. तिथे सरळ ‘फेल्ट रिलीव्ह्ड’ म्हणावं.

चांगुलपणाचे पाच शब्द: एकाच प्रसंगात ठेवून पाहा

शब्दकोशात काइंड, वॉर्म, सॉफ्ट, टेंडर आणि बिग या पाचही हार्टेडांपुढे ‘प्रेमळ, दयाळू’ असंच लिहिलेलं सापडतं. एवढ्यावर कुठे कोणता वापरायचा ते कळत नाही. म्हणून एक प्रसंग घ्या. कार्यालयात एक नवखी मुलगी रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून हिशोबाची मोठी चूक झाली आणि ती रडकुंडीला आली.

जो तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसतो, चौकशी करतो, तिला आपल्यात सामावून घेतो, तो वॉर्म-हार्टेड. या शब्दात ऊब आहे, जिव्हाळा आहे, त्यानं मदत केलीच पाहिजे असं नाही. जो उशिरापर्यंत थांबून तिच्याबरोबर तो हिशोब पुन्हा तपासतो, तो काइंड-हार्टेड. इथे दुसऱ्याचं भलं करण्याची इच्छा महत्त्वाची. तिचे डोळे भरलेले पाहूनच ज्याचे डोळे भरतात, तो टेंडर-हार्टेड. आपला ‘हळवा’ त्याच्या सगळ्यात जवळचा. तिला बोलायचं असं ठरवून आलेला साहेब तिचा चेहरा पाहून विरघळतो आणि विषयच सोडून देतो, तो सॉफ्ट-हार्टेड. आणि त्या चुकीमुळे ज्याचं स्वतःचं नुकसान झालं तो ‘जाऊ दे, शिकशील’ म्हणून ती गोष्ट पुन्हा काढत नाही, तो बिग-हार्टेड. आपल्या भाषेत मोठ्या मनाचा.

सॉफ्ट-हार्टेडमध्ये थोडी टीका लपलेली असू शकते, हे ध्यानात घ्या. ‘टू सॉफ्ट-हार्टेड’ म्हणजे याला नाही म्हणता येत नाही, कुणीही गुंडाळतं. एखाद्याच्या शिफारसपत्रात कौतुक म्हणून सॉफ्ट-हार्टेड लिहिलं आणि पद माणसं सांभाळण्याचं असलं, तर वाचणारा भुवई उंचावेल. तिथे वॉर्म-हार्टेड किंवा काइंड-हार्टेड सुरक्षित.

गुड-हार्टेड या पाचांत घेतला नाही, कारण तो बराच मोघम आहे. त्याच्यामागे पुष्कळदा ‘बट’ येतो: मनाचा चांगला आहे, पण... लार्ज-हार्टेड हाही बिग-हार्टेडचाच भाऊ, जरा औपचारिक, बरोबरच आहे.

वाईटाच्या बाजूला दोनच शब्द नीट वेगळे करा. कोल्ड-हार्टेड माणसाला दुसऱ्याचं दुःख जाणवतच नाही, त्याच्यात ओलावाच नाही. हार्ड-हार्टेडसमोर कुणी गयावया करतं, त्याला सगळं कळतं आणि तरी तो बधत नाही. आपला ‘दगडाच्या काळजाचा’ हा दुसरा. ‘उलट्या काळजाचा’साठी मात्र हार्टेडचा हट्ट सोडून क्रूअल किंवा हार्टलेस म्हणावं. ब्लॅक-हार्टेड शब्दकोशात आहे, पण तो गोष्टीतल्या खलनायकाला शोभतो, शेजाऱ्याला नाही.

मन म्हणजे हार्ट, माइंड की हेड?

मराठीत ‘मन’ एकटंच सगळं काम करतं: विचार करतं, दुखावतं, मोठंही होतं. इंग्रजीनं हे काम वाटून दिलं आहे. माया, दया, धैर्य, उत्साह हार्टकडे. मतं आणि विचार माइंडकडे. अक्कल, समतोल आणि राग हेडकडे. मराठीत ‘मनाचा’ शब्द आला की आधी विचारा, हे मन नेमकं काय करतंय?

मोठ्या मनाचा म्हणजे क्षमा करणारा, देणारा, तर बिग-हार्टेड. वेगळी मतं ऐकून घेणारा असेल तर ब्रॉड-माइंडेड. मोकळ्या मनाचा, म्हणजे आत एक बाहेर एक नसलेला, तो ओपन-हार्टेड. खुल्या मनाचा, म्हणजे पूर्वग्रह न ठेवणारा, तो ओपन-माइंडेड. कोत्या मनाचा म्हणजे नॅरो-माइंडेड. इथे ‘स्मॉल-हार्टेड’ बनवू नका. तापट माणूस हॉट-हेडेड, कारण राग हेडचा. ‘हॉट-हार्टेड’ रूढ नाही. थंड डोक्याचा म्हणजे कूल-हेडेड किंवा लेव्हल-हेडेड. तो कोल्ड-हार्टेड नव्हे, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आता शब्दाचा पहिला भाग तोच ठेवून हार्टच्या जागी हेड घाला आणि अर्थ कुठे जातो ते पाहा. बिग-हार्टेड दिलदार, बिग-हेडेड डोक्यात हवा गेलेला. हार्ड-हार्टेड निर्दय, हार्ड-हेडेड व्यवहारी. सॉफ्ट-हार्टेड चटकन विरघळणारा, सॉफ्ट-हेडेड बावळट. लाइट-हार्टेड हलकाफुलका, आणि लाइट-हेडेड म्हणजे ज्याला गरगरतंय. ‘आय ॲम फीलिंग लाइट-हेडेड’ म्हणालात तर लोक तुम्हाला धरून बसवतील.

हार्टला धैर्य का दिलं, हा प्रश्न मनात येऊ शकतो. जुनी समजूत अशी, की हिंमत काळजात राहते. इंग्रजी ‘करेज’ हा शब्दही फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या हृदयवाचक ‘कोर’वरून आला आहे. आपणही ‘वाघाचं काळीज’ म्हणतोच. म्हणून लायन-हार्टेड आणि स्टाउट-हार्टेड हे शूरांचे, तर फेंट-हार्टेड आणि चिकन-हार्टेड हे भित्र्यांचे. यातला बोलण्यात खराखुरा चालतो तो फेंट-हार्टेड, आणि तोही बहुतेक एकाच चालीत: ‘नॉट फॉर द फेंट-हार्टेड’, येरागबाळ्याचं काम नोहे. यातल्या फेंटचा अर्थ कमजोर, मूर्च्छा नव्हे. लायन-हार्टेड आणि स्टाउट-हार्टेड भाषणात, गोष्टीत ठीक. सहकाऱ्याला पाठवलेल्या मेलमध्ये ते भरजरी वाटतात.

पदांच्या अर्थाची बेरीज म्हणजे समासाचा अर्थ नव्हे, हेही यातून दिसतं. संस्कृतात ‘सुहृद’ म्हणजे चांगल्या हृदयाचा, पण शब्दाचा अर्थ मित्र. ‘दुर्हृद’चा अर्थ शत्रू. पाणिनीला या जोडीसाठी अष्टाध्यायीत खास सूत्र द्यावं लागलं. इंग्रजीतही रूढ अर्थच धरायचा.

हार्ट पुढे आहे की मागे?

वॉर्म-हार्टेड आणि हार्ट-वॉर्मिंग यांत गल्लत फार होते. खूण सोपी आहे. हार्ट मागे असेल तर ते ज्याचं वर्णन चाललंय त्याचं. हार्ट पुढे असून शेवटी ‘इंग’ असेल तर ते पाहणाऱ्याचं, वाचणाऱ्याचं. वॉर्म-हार्टेड आजीचं काळीज उबदार आहे. हार्ट-वॉर्मिंग बातमीला काळीज नाही, ती वाचून ऊर आपला भरून येतो. हार्ट-रेंडिंग म्हणजे काळीज पिळवटून टाकणारी, आणि तेही आपलंच. म्हणून ‘माझे आजोबा फार हार्ट-वॉर्मिंग आहेत’ या अर्थाचं वाक्य टाळा, आणि ‘वॉर्म-हार्टेड बातमी’ही टाळा.

याला एक मोठा अपवाद आहे: हार्टब्रोकन. हार्ट पुढे असूनही ते त्या माणसाचंच. अर्थ ब्रोकन-हार्टेडचाच, पण ‘शी वॉज हार्टब्रोकन’ हे बोलण्यात जास्त सहज. आणि हार्टब्रेकिंग हा पुन्हा नियमाप्रमाणे, घटनेचा शब्द. ‘आय ॲम हार्टब्रेकिंग’ म्हणजे तुम्हीच कुणाचं तरी काळीज मोडताय.

ई-डी नसलेलं ओपन-हार्ट पाहून घाबरू नका. ते शस्त्रक्रियेपुढे लागतं आणि तिथे हृदय खरंखुरं उघडलेलं असतं.

जोडरेघ, तुलना, क्रियाविशेषण

ब्रिटिश लिखाणात बहुतेक शब्दांत जोडरेघ दिसते, अमेरिकी लिखाणात अनेक शब्द सलग लिहिले जातात. होल-हार्टेड आणि डाउनहार्टेड तर ब्रिटिश लिखाणातही सलग आढळतात. कोणतीही एक पद्धत घ्या, पण एका लेखात दोन नकोत. मध्ये मोकळी जागा सोडून दोन सुटे शब्द करणं मात्र दोन्हीकडे चूक.

तुलनेसाठी ‘मोअर काइंड-हार्टेड’, ‘मोस्ट काइंड-हार्टेड’ पुरे. ‘व्हेरी’ स्वभावाच्या शब्दांना चालतो. हार्टब्रोकनला ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा ‘कम्प्लीटली’ शोभतं, कारण मोडलं ते मोडलं, त्यात कमी-जास्त नाही. क्रियाविशेषण करायला शेवटी ‘ली’, नाम करायला ‘नेस’: हाफ-हार्टेडली, काइंड-हार्टेडनेस. ‘ही इज काइंड-हार्टेडली’ होत नाही, कारण ‘इज’नंतर विशेषणच हवं.

जे शब्द इंग्रजीत नाहीत, पण आपल्या मेलमध्ये असतात

‘आय ॲम डिसहार्टेड.’ हा शब्द इतका पसरलाय की चूक वाटतच नाही. खचलेला, हिरमुसलेला यासाठी शब्द आहे डिसहार्टन्ड. मूळ क्रियापद डिसहार्टन, म्हणजे खच्ची करणं, म्हणून इथलं ई-डी खरोखर क्रियापदाचं. पहिल्या पायरीतलं ‘-वाला’चं ई-डी हे नव्हे. कुणीतरी काहीतरी केलं आणि तुम्ही खचलात. उमेद देणाऱ्या गोष्टीला त्याच घराण्यातला हार्टनिंग.

‘गोल्ड-हार्टेड’ही असाच. सोन्यासारख्या मनाच्या माणसासाठी ‘ही हॅज अ हार्ट ऑफ गोल्ड’ ही रूढ ओळ तयार असताना नवा समास कशाला जुळवायचा?

आणि ‘हार्टली’. ‘हार्टली काँग्रॅच्युलेशन्स’ असं लिहिलेलं दर दुसऱ्या शुभेच्छापत्रात सापडतं. असा शब्द नाही. ‘हार्टिली’ आहे, पण ते क्रियाविशेषण, अभिनंदनापुढे बसत नाही. ‘हार्दिक अभिनंदन’साठी हार्टी किंवा हार्टिएस्ट काँग्रॅच्युलेशन्स लिहा. मात्र हार्टीमध्ये मोकळेपणा आहे, खळखळून हसणं आहे, भरपेट जेवण आहे. आपलं ‘हार्दिक’ आनंदाच्या निरोपात चालतं तसं गंभीर निरोपातही चालतं, हार्टीचं तसं नाही. कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर ‘हार्टी कंडोलन्सेस’ कधीही लिहू नका. तिथे हार्टफेल्ट लिहायचं, आणि तेही निरोपाला लावायचं, निरोप पाठवणाऱ्याला नाही.